बोरघाटातला कामगार आणि त्याचा कॅमेरा

मंडळी, रेल्वेत नोकरी करता करता रेल्वेची छायाचित्रे काढणारा माणूस हा आजचा विषय. तो फार पसरट आहे, म्हणून एका जागी बांधून घेऊ. ती जागा म्हणजे बोरघाट. मुंबईपासून मोजलेल्या अंतरात कर्जत 100 किलोमीटरवर आहे आणि लोणावळा 128 वर. मधल्या एवढ्याशा अंतरात लाइनवर काम करणाऱ्या माणसाला काय काय करावे लागते, आणि त्याच्याकडे कॅमेरा असेल तर त्याने कशाचे, कसे आणि कधी छायाचित्र घ्यावे, एवढेच बोलायचे आहे. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. इंजिनांची छायाचित्रे पुष्कळ निघतात आणि चांगली निघतात. कामाची निघत नाहीत. काम काय चालले आहे हे कामगारालाच कळते, त्यामुळे ती कामगारानेच काढली पाहिजेत.

आधी घाट समजून घेऊ. हा मार्ग ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने 21 एप्रिल 1863 रोजी खुला केला. आखणी जेम्स बर्कली यांची. सॉलोमन ट्रेडवेल या कंत्राटदाराने काम हाती घेतले आणि 1859 मध्ये इथे पोचल्यावर थोड्याच दिवसांत तो वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट पुढे नेले. पावणेसोळा मैलांत 1831 फूट चढ, आणि सर्वांत कठीण जागी 37 ला 1. म्हणजे 37 मीटर पुढे गेले की गाडी 1 मीटर वर. खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटी करावी लागे, ते रिव्हर्सिंग स्टेशन 1920 च्या दशकाच्या अखेरीस नव्या आखणीने गेले. त्याच सुमारास विजेची इंजिने आली.

37 ला 1 म्हणजे काय, ते आकड्यात पाहू. 24 डब्यांची भरलेली गाडी सुमारे 1300 टनांची धरा. 1300 ला 37 ने भागले की 35 टन येतात. गाडी नुसती जागेवर धरून ठेवायला एवढा जोर लागतो. वळणांचे घर्षण आणि चाकांचा अवरोध वेगळा. डब्ल्यूएपी-7 सारखे 123 टनांचे दणकट इंजिन सुटताना साधारण 33 टन ओढते, तेही रूळ कोरडा असेल तर. पावसात चाक आणि रूळ यांची पकड एकदम उतरते. म्हणून कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिने लागतात. ती पुढे न लावता मागे लावण्याला कारण आहे. सगळा जोर पुढून लावला तर पहिल्या काही कपलिंगांवर पुऱ्या गाडीचा ताण येतो आणि ती तुटण्याची भीती राहते. मागून रेटले की ताण वाटला जातो, आणि मध्ये कुठे कपलिंग सुटलेच तर मागचे डबे घाट उतरून पळत नाहीत, बँकरवर टेकून राहतात.

उतरणाऱ्या गाडीची काळजी याहून जास्त. मुंबईकडे येणारी गाडी घाटात ठरल्या जागी थांबवतात, ब्रेकची खात्री करतात. वाटेत कॅच साइडिंग आहेत, म्हणजे मुख्य लाइनपासून फुटून चढावर जाणारी आंधळी लाइन. गाडी थांबली, ताब्यात आहे हे दिसले, की मगच पुढचा सांधा मुख्य लाइनसाठी लावला जातो. ताबा सुटलेली गाडी साइडिंगच्या चढावर जाऊन दम तोडते. मंकी हिल, ठाकूरवाडी, जांबरुंग, नागनाथ ही नावे प्रवाशाला ऐकून माहीत असतात, कारण तिथे गाडी थांबते पण कोणी उतरत नाही. कामगाराच्या लेखी ही घाटातली खरी ठाणी आहेत.

आता माणसांकडे येऊ. लाइनवर सर्वांत आधी दिसतो कीमन. सकाळी उजाडता उजाडता तो आपल्या बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या लाइनच्या तुकड्यावर, निघतो. खांद्यावर हातोडा, पिशवीत पाना, जादा पेंड्रोल क्लिपा (रूळ स्लीपरला घट्ट धरणारे वाकवलेले लोखंड) आणि लायनर (क्लिप आणि रूळ यांच्या मधला तुकडा), दोन लाल झेंड्या, एक हिरवी, आणि चाकाखाली फुटून चालकाला इशारा देणाऱ्या फटाक्यांची डबी. जाताना एका रुळाच्या बाजूने जायचे, येताना दुसऱ्या. आजच्या काँक्रीट स्लीपरवर दोन्ही रूळ मिळून चार क्लिपा असतात, आणि किलोमीटरला 1660 स्लीपर. म्हणजे एका किलोमीटरला साडेसहा हजारांवर क्लिपा त्याच्या नजरेखालून जातात. त्यातली सैल कोणती हे तो वाकून पाहत नाही. रुळाच्या तळाशी चकाकी दिसते, लायनर सरकलेला असतो, क्लिपेभोवती गंजाची ताजी लाल पूड पडलेली असते. हलते लोखंडच अशी पूड टाकते.

क्लिप ठोकणे हे दिसते तेवढे सोपे काम नाही. ती स्लीपरमध्ये बसवलेल्या लोखंडी इन्सर्टच्या भोकात बाजूने घालतात आणि हातोड्याने आत सरकवतात. मार्क-3 क्लिपेचा रुळावरचा दाब 850 ते 1100 किलो असायला हवा. कमी ठोकली तर दाब बसत नाही, जास्त ठोकली तर क्लिप ताणली जाते आणि तिची उसळी कायमची जाते. भोकात गंज धरला की क्लिप जाम होते, काढताना मोडते, म्हणून ती वेळोवेळी काढून ग्रीस लावून परत बसवायची. घाटात दमट हवा आणि ब्रेक ब्लॉकची लोखंडी धूळ यामुळे हा त्रास सपाटीपेक्षा जास्त. वळणावर बाहेरच्या रुळाची आतली कड चाकाच्या फ्लँजने, म्हणजे बाहेर आलेल्या कडेने, घासून झिजते, तिथे ग्रीस आणि झीज मोजणे हे वेगळेच काम.

यातले छायाचित्र कोणते? हातोडा हवेत असतानाचे नव्हे. ते सगळेच काढतात आणि त्यात क्लिप दिसत नाही. कॅमेरा रुळाच्या पातळीला, अंगापासून हातभर बाजूला, शटर 1/500 च्या पुढे, आणि हातोडा क्लिपेला टेकल्याचा क्षण. क्लिपेचा वाक, लायनर, रबर पॅडची कड आणि माणसाची मूठ, हे चारही एका चौकटीत आले पाहिजे. पन्नास वर्षांनी ही क्लिप वापरात नसेल. बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, स्लीपरमध्ये चाव्या ठोकणाऱ्या कीमनचे असे जवळून काढलेले छायाचित्र शोधायला गेलात तर फार थोडी हाती लागतात, आणि तेही काम एकेकाळी देशभर रोज होत होते.

गँगचे काम वेगळे. मुकादमाच्या हाताखाली सात-आठ किंवा अधिक माणसे. लाइन बसली असेल तर उचलायची, स्लीपरखाली खडी ठासायची, गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, तपासायचा, सांध्याचे बोल्ट पाहायचे. आता ठासण्याचे काम बरेचसे मशीन करते, तरी घाटातल्या पुलाच्या तोंडाशी, पॉइंटवर, बोगद्यात हातकाम शिल्लक आहेच. पूर्वी यांना गँगमन म्हणत, मग ट्रॅकमन, आता कागदावर ट्रॅक मेंटेनर. पहार मारणाऱ्याच्या पाठीचा कणा मात्र तोच. मुकादम रुळावर डोळा लावून आडवा होतो, लांबवर बघतो आणि हाताने खुणा करतो: इकडे, अजून, बस. रुळाची सलग रेषा अशी नजरेने पाहणारी माणसे कमी होत चालली आहेत. हे छायाचित्र आज घेतले नाही तर पुढे मिळणार नाही.

लांब वेल्ड केलेल्या रुळावर ऋतूंचा अंमल असतो. रूळ ठरावीक तापमानाला ताणमुक्त करून बांधलेला असतो. त्याच्या 20 अंश वर पारा गेला की उन्हाळी गस्त लागते, कारण रूळ बाजूला फुगून वाकडा होऊ शकतो. थंडीत उलटे. रूळ आखडतो आणि जिथे वेल्डमध्ये खोट असेल तिथे तुटतो. तुटलेला रूळ सापडला तर कीमनने आधी दुरुस्ती करायची नाही, आधी गाडी अडवायची. ब्रॉडगेजवर नियम असा: धोक्याच्या जागेपासून 600 मीटरवर एक फटाका, 1200 मीटरवर तीन, एकमेकांपासून दहा-दहा मीटरवर, गाडी ज्या बाजूने येणार त्या बाजूला. लाल झेंडी दाखवत पळायचे, पळता पळता फटाका रुळावर चिमटवायचा. खडीच्या कडेने, घाटाच्या चढावर, 1200 मीटर पळून बघावे म्हणजे त्या नोकरीची किंमत कळते. फटाका चाकाखाली फुटला की चालक गाडी उभी करतो. मगच फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी) आणि क्लॅम्प लावून तात्पुरती बांधणी, आणि त्यावरून गाड्या अगदी मंद गतीने.

अशा वेळी कॅमेऱ्याला हात लावायचा नसतो. एक छायाचित्र चालते, तेही लाइन सुरक्षित झाल्यावर, वरिष्ठांच्या सांगण्यावरून, अहवालासाठी. त्यात मोजपट्टी हवी, रुळावरचा खडूचा आकडा हवा, खांबाचा क्रमांक हवा.

पावसाळ्यात बोरघाट वेगळाच असतो. दरडी कोसळतात. का कोसळतात? वर बेसाल्टचे थर आहेत. थरांमध्ये भेगा, भेगांत माती. पाणी मुरले की माती सरकते आणि तिच्या आधाराने बसलेला धोंडा सुटतो. झाडांची मुळे काही ठिकाणी धरून ठेवतात, काही ठिकाणी तीच भेग रुंद करतात. म्हणून पावसाळ्याआधी हिल गँग कड्यावर चढते. दोर कमरेला बांधून, पहारीने सैल धोंडे हलवून बघायचे आणि जो हलतो तो ब्लॉक घेऊन, म्हणजे गाड्या थांबवून, खाली पाडायचा. जो पाडता येत नाही त्याला जाळी. बोगद्याच्या तोंडाशी दगड पडत असतील तर तोंडच पुढे वाढवायचे. एवढे करूनही 2019 च्या पावसाळ्यात मंकी हिल ते नागनाथ पट्ट्यात लाइनचे इतके नुकसान झाले की मुंबई-पुणे गाड्या आठवड्याच्या आठवडे रद्द ठेवाव्या लागल्या.

रात्रीची गस्त याच दिवसांत. बत्ती, काठी, शिटी, फटाके, पावसाचा कोट. एक गस्तीवाला आपल्या बीटच्या टोकाशी जातो, पलीकडून दुसरा येतो, दोघे पुस्तके बदलतात आणि मागे फिरतात. पुस्तकावर स्टेशन मास्तरची सही आणि वेळ. त्यामुळे कोण कुठे किती वाजता होता हे नंतर सांगता येते. आता हातात जीपीएसचे यंत्रही असते. गस्तीवाला काय बघतो? नाल्यातून पाणी येते आहे की थांबले आहे. थांबले असेल तर जास्त धोका, कारण वर कुठेतरी ते तुंबले आहे. मोरीच्या तोंडाशी पाणी गढूळ झाले का. खडीच्या खालून माती वाहून रूळ अधांतरी लोंबकळतो आहे का. रात्री पावसात हे पायाने समजते, पावलाखाली खडी पोकळ लागते.

गस्तीच्या छायाचित्राला फ्लॅश वापरू नका. त्याला दोन कारणे. कामगारांच्या नारिंगी जाकिटावरच्या पट्ट्या प्रकाश परत फेकतात, त्यामुळे चित्रात पांढरे पट्टे उरतात आणि माणूस काळा पडतो. दुसरे कारण मोठे. चालकाच्या डोळ्यांवर अचानक प्रकाश पडला तर त्याला सिग्नल दिसत नाही, किंवा तो प्रकाशच त्याला इशारा वाटतो. जोराने हलवलेली कोणतीही वस्तू, कोणताही दिवा, रेल्वेच्या नियमात धोक्याचा इशारा आहे. म्हणून लाइनच्या कडेला लाल कपडे घालू नयेत, उत्साहाने रुमाल हलवू नये, आणि फ्लॅश तर नाहीच. गस्तीवाल्याच्या स्वतःच्या बत्तीच्या उजेडात, 3200 किंवा 6400 आयएसओ, भिंग पूर्ण उघडे, 1/30 सेकंद, आणि तो पुस्तक बदलताना स्थिर उभा असतो तो क्षण. दाणे येतील. येऊ द्या.

नियमांचे बोललोच आहे तर पुरते बोलतो. रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 147 प्रमाणे रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आपण रेल्वेत नोकरीला आहोत म्हणून आपल्या बीटबाहेर, सुट्टीच्या दिवशी, कुठेही लाइनवर फिरायला मोकळे आहोत असा समज करून घेऊ नका. ड्यूटी नसलेला कामगार लाइनवर हा बाहेरचाच माणूस. कामाच्या जागेची चित्रे काढायची तर लेखी परवानगी घ्या, त्यात जागा आणि तारीख नमूद करून घ्या. ड्यूटीवर असताना लोको पायलट, गेटमन, पॉइंट्समन आणि गाडी येते का हे बघणारा लुकआउट यांनी फोन किंवा कॅमेरा काढू नये, याला अपवाद नाही. गँगसाठी लुकआउट म्हणून उभा केलेला माणूस चित्र काढत असेल तर त्याच्या साथीदारांचा जीव उघड्यावर आहे.

घाटात तीन लाइनी आहेत. दोन लाइनींच्या मधल्या जागेत उभे राहू नका. एका गाडीच्या आवाजात दुसरीचा आवाज बुडतो, आणि बोगद्यातून बाहेर येणारी गाडी दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. वर 25,000 व्होल्टची तार आहे. पूर्वी या घाटात 1500 व्होल्ट डीसी होता, तो नंतर बदलला. विजेच्या तारेपासून दोन मीटर हा किमान अंतराचा दंडक आहे, कारण झटका बसायला तारेला स्पर्श व्हावा लागत नाही. पुलाच्या कठड्यावरून सेल्फी स्टिक, ओली छत्री, लांब मोनोपॉड पुढे करणे म्हणजे जीव देणे. ड्रोनचा विचार परवानगीशिवाय करूच नये.

आता सुट्टीच्या दिवशी, सुरक्षित आणि मोकळ्या जागेवरून गाडीचे छायाचित्र कसे घ्यायचे ते बघू. पहिला हिशेब प्रकाशाचा. बोरघाट सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर आहे. सूर्य डोंगरामागून उगवतो, त्यामुळे सकाळी बराच वेळ लाइन सावलीत राहते. ऊन लाइनवर उतरते ते उशिरा, आणि दुपारनंतरचे ऊन चांगले. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हवा स्वच्छ. एप्रिल-मे मध्ये दुपारी धुरकट. मुंबईहून 17:10 ला सुटणारी डेक्कन क्वीन घाटात येते तेव्हा मे-जूनमध्ये उजेड असतो, डिसेंबरात कर्जत येईपर्यंत अंधार झालेला असतो. ही गाडी 1 जून 1930 पासून चालू आहे. पुण्याहून सकाळी 7:15 ला सुटणारी तीच गाडी घाट उतरते तेव्हा बहुतेक सावलीत असते. ज्याला वेळापत्रक पाठ आहे तो हे घरी बसून ठरवू शकतो. कामगाराचा फायदा इथेच आहे, कारण बँकर परत कधी उतरतात, ब्लॉक कोणत्या दिवशी आहे, कोणती मालगाडी साधारण केव्हा येते, हे त्याला ठाऊक असते. मात्र ही माहिती आधी जगजाहीर करायची नसते. गेलेल्या गाडीचे चित्र दाखवा, येणाऱ्या गाडीची बातमी देऊ नका.

दुसरा हिशेब वेगाचा. 50 किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला जवळजवळ 14 मीटर जाते. 1/30 सेकंदात 46 सेंटिमीटर, 1/500 मध्ये तीन सेंटिमीटरहून कमी. तिरकस समोरून घेतले तर एवढी हालचाल चित्रात दिसत नाही. बाजूने सरळ घेतले तर 1/1000 हवे. जुनी कौटुंबिक चित्रे आठवून बघा. अ‍ॅग्फा क्लिक-3 मध्ये 120 ची फिल्म, बारा चित्रे, आणि शटर एकाच, सुमारे 1/30 च्या वेगाचे. म्हणून त्या काळच्या रेल्वे कामगारांच्या घरच्या चित्रांत गाडी नेहमी उभी असते आणि इंजिनापुढे माणसे ओळीने उभी असतात. ती कॅमेऱ्याची मर्यादा होती, पण तिच्यामुळे फायरमन, क्लीनर, फिटर यांचे चेहरे राहिले. आज वेगाचे शटर आहे आणि चेहरे गेले. हे मला खरेच खटकते.

24 डब्यांची गाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब असते. पुढचे इंजिन आणि मागचे बँकर एका चित्रात हवे असतील तर मोठे वळण हवे आणि ते वरून दिसेल अशी जागा. 200 मिलिमीटरच्या आसपासचे भिंग दोन्ही टोके जवळ आणते. रुंद भिंगाने गाडी सुतळीएवढी होते. मोबाइल वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे: मोबाइलचे मुख्य भिंग रुंद असते, गाडी लहान दिसते, म्हणून माणूस नकळत लाइनकडे सरकतो. अपघात असेच होतात. त्यापेक्षा लांबून घेऊन कापा. शिवाय मोबाइल एकावर एक अनेक चित्रे रचतो. चालत्या गाडीत त्यामुळे इंजिनाच्या कडा दुहेरी होतात, म्हणून ती सोय बंद करून उजेडाचे मोजमाप बोटाने दाबून पक्के करा. समोरचा दिवा चौकटीत आला की मोजमाप फसते आणि बाकी सगळे काळे पडते. गाडी येण्याआधीच खडीवर मोजून घ्यावे. नारिंगी जाकिटांवर लाल रंग फाटतो, तिथे उजेड थोडा, दोन-तृतीयांश स्टॉप, कमी ठेवावा. डब्यांच्या एलईडी पाट्या 1/125 च्या पुढे तुटक दिसू लागतात.

पावसात भिंगावर धुके बसते. एसी खोलीतून थेट बाहेर काढलेला कॅमेरा हमखास धुकेल. बंद पिशवीत अर्धा तास बाहेरच्या हवेत ठेवा, मग उघडा. चढावर चाके घसरू नयेत म्हणून इंजिन रुळावर वाळू सोडते. ओल्या रुळावर ती फिकट रेघ उठून दिसते. चाक, वाळूची नळी आणि ती रेघ, एवढेच घ्या. घाट चढण्याचे यापेक्षा नेमके चित्र मला माहीत नाही.

स्टेशनवर आणि केबिनपाशी आणखी एक गोष्ट रोज घडते. गाडी जाताना स्टेशन मास्तर, पॉइंट्समन, गेटमन हिरवी झेंडी धरून उभे असतात. ते गाडी बघत असतात: चाकातून धूर, चिकटलेले ब्रेक, लोंबणारा भाग, तापलेला अ‍ॅक्सल, शेवटच्या डब्याची पाटी आहे की नाही. काही वावगे दिसले तर लाल. 2022 पासून ज्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात तो गार्ड मागून हिरवी दाखवून उत्तर देतो. दोन माणसे काही सेकंद एकमेकांकडे बघतात आणि एक पूर्ण गाडी तपासून होते. या क्षणात गाडीचा मागचा भाग, दोन्ही झेंड्या आणि दोन्ही चेहरे येतील अशी जागा आधी हेरून ठेवा.

आता ज्याच्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते त्याबद्दल, म्हणजे नोंद. नोंद नसलेले रेल्वेचे चित्र पाच वर्षांत निम्मे आणि वीस वर्षांत पुरते मुके होते. किमान एवढे लिहा: तारीख, वेळ, जागा, गाडीचा क्रमांक आणि दिशा, इंजिनाचा वर्ग, क्रमांक आणि शेड, चित्रातले काम कोणते, आणि माणसांची परवानगी असेल तर त्यांची नावे व हुद्दे. जागेसाठी सर्वांत पक्की खूण म्हणजे विजेच्या खांबावरचा आकडा. 112/14 म्हणजे 112 या किलोमीटरमधला 14 क्रमांकाचा खांब. "मंकी हिलजवळ" लिहिलेले दोन किलोमीटर इकडे-तिकडे होऊ शकते, खांब होत नाही. इंजिनाच्या वर्गात डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए म्हणजे एसी, सी म्हणजे डीसी, डी म्हणजे डिझेल, पुढे पी प्रवासी, जी माल, एम मिश्र. डब्ल्यूसीएएम लिहिलेले इंजिन दोन्ही विजेवर चालणारे, म्हणजे ते चित्र डीसी-एसीच्या सरमिसळीच्या काळातले असण्याचा संभव मोठा.

नोंद नसलेली जुनी चित्रे हाती आली तर ती वाचावी लागतात. तार बघा. डीसीच्या मार्गावर तारा जाड आणि खांबाजवळचे चिनी मातीचे इन्सुलेटर आखूड. 25,000 व्होल्टवर तार बारीक आणि इन्सुलेटर लांब. डबे बघा, गडद तांबडे असतील तर बहुधा 1990 च्या दशकाच्या मध्याआधीचे, निळे नंतरचे. लाल-करडे एलएचबी, म्हणजे नव्या बनावटीचे, डबे त्यानंतरचे. डेक्कन क्वीन एलएचबी डब्यांत आली ती जून 2022 मध्ये. मगरीसारख्या लांब नाकाची, बाजूला दांडे हलणारी इंजिने दिसली तर ती डब्ल्यूसीजी-1. कामगार तिला खेकडा म्हणत. 1928 च्या सुमारास आलेली ही इंजिने घाटात मालगाड्या ओढत आणि बँकर म्हणून रेटत होती. त्यातले "सर लेस्ली विल्सन" दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ठेवलेले आहे. इंजिन राहिले, पण तिच्या सांध्यांना तेल कुठून घालत, पँटोग्राफ (तारेतून वीज घेणारा छतावरचा सांगाडा) बिघडला तर काय करत, हे दाखवणारी कामाची चित्रे कुणाच्या तरी घरच्या पेटीत असतील, ती बाहेर यायला हवीत.

अशा पेट्या महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत. बार्शी लाइट रेल्वे 1897 पासून कुर्डुवाडीभोवती अडीच फुटी गेजवर चालली, लातूरला गेली, मिरजेला गेली, आणि नंतर टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाली. मूर्तिजापूर-यवतमाळच्या शकुंतला या अरुंद गेजच्या गाडीला 1994 पर्यंत 1921 सालचे वाफेचे इंजिन होते. या लाइनींवर पाहुणे आले, वाफेची देखणी चित्रे घेऊन गेले. पण त्या गेजचे पॉइंट कसे फिरवत, लहान स्टेशनात तिकीट कोण देई, पाणी कुठून भरत, हे टिपणारे तिथलेच लोक होते, आणि त्यांची चित्रे अजून घराघरात पडून आहेत.

पडून आहेत म्हणजे बहुधा खराब होत आहेत. आपल्या हवेत निगेटिव्हला बुरशी लागते. सुरुवातीला फिकट जाळे दिसते, मग ती जिलेटिन खाते आणि गेलेले परत येत नाही. पीव्हीसीच्या पिशव्या टाळा, त्या चिकटतात. पॉलिएस्टर किंवा आम्लरहित कागदाच्या पाकिटात पट्ट्या ठेवा. हवाबंद डब्यात सिलिका जेल, ते रंग बदलले की तापवून परत कोरडे करायचे, आणि आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली. निगेटिव्हला व्हिनेगरसारखा आंबट वास यायला लागला असेल तर ती वेगळी काढा आणि आधी तीच स्कॅन करा, कारण तो क्षय बाकीच्यांनाही लागतो. बुरशी आलेली निगेटिव्ह पाण्याने धुऊ नका, जिलेटिन विरघळून जाते. 35 मिलिमीटरची पट्टी 2400 ते 4000 डीपीआयला स्कॅन करा, टिफमध्ये ठेवा. प्रिंटच्या मागे बॉलपेनने लिहू नका, दाब पुढे उमटतो आणि शाई पसरते. मऊ शिसपेन घ्या. फाइलला नाव देताना तारीख आधी, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, मग जागा, मग इंजिन. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या घरात.

निवृत्तीनंतर संग्रह कुणाकडे द्यायचा हे कामावर असतानाच ठरवा. देताना चित्रांबरोबर ड्यूटीच्या वह्या, जुनी वर्किंग टाइमटेबले, कॉशन ऑर्डरच्या (चालकाला वेग कमी ठेवण्याच्या लेखी सूचनेच्या) रद्द प्रती असतील तर त्याही द्या. मात्र कार्यालयाची कागदपत्रे घरी ठेवायला परवानगी होती का, हे आधी विचारून घ्या. ज्यांचे चेहरे आहेत त्यांची नावे त्यांच्यासमोर बसून लिहून घ्या, आणि हे काम या महिन्यातच सुरू करा. जुन्या मुकादमाला मोठ्या आकाराचा प्रिंट दाखवला की तो एकेका माणसावर बोट ठेवून नाव, गाव, गँग नंबर सांगतो. तो सांगत असताना फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करा, आणि फाइलला चित्राचाच क्रमांक द्या.